हिराआत्याची अमेरिका, यमुनाकाकूचा रशिया

मार्च लागला की माझ्या बोटांना बोंबलाचा वास येतो. साबणाने जात नाही, लिंबू चोळून जात नाही. गंमत अशी, की गेल्या कित्येक वर्षांत मी एकही ओला बोंबील दोरीवर टांगलेला नाही. राहते उमरोळीला, शिकवते बोईसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, बोटांना लागतो तो फक्त खडू. तरी बारावीचा राज्यशास्त्राचा पेपर दोन-चार दिवसांवर आला, मुलं शंका घेऊन स्टाफरूमच्या दारात घुटमळायला लागली, की तो वास कुठून तरी येतोच. मी गुपचूप हात नाकाशी नेऊन बघते. शेजारच्या बाई विचारतात, "काय गं, काय झालं?" मी म्हणते, "काही नाही. परीक्षा आली."

या वर्षी दारात पूजा उभी होती. तिचे वडील इथल्या एका कारखान्यात आहेत. घरी हिंदी, शाळा मराठी, त्यामुळे तिचं बोलणं अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. "मॅडम, वो सत्तासमतोलवाला प्रश्न आएगा क्या? मेरे को पाठ आहे, पण समजलेला नाही."

इतकं खरं बोलणारी मुलगी मला फार आवडते. मलाही एके काळी तो प्रश्न पाठ होता आणि समजलेला नव्हता. पण मी ते कुणाला सांगितलं नाही आणि दोनदा आपटले. पूजाला म्हटलं, बस. कागदावर मधोमध एक खांब काढला, त्याच्या दोन बाजूंना दोन दोऱ्या. तिने मान तिरकी करून बघितलं. "मॅडम, ये तो कपडे सुखाने की रस्सी है!" म्हटलं, "जवळपास. फक्त कपड्यांच्या जागी बोंबील समज."

त्या खांबाची मला अजून इतकी आठवण येते की कधी कधी माझी मलाच लाज वाटते. माणसांना बालपणीची झाडं आठवतात, विहिरी आठवतात. मला एक बांबूचा खांब आठवतो, आणि आठवला की हसू येतं.

वीसेक वर्षं झाली असतील. मी मुरब्याची. बाबा बोटीवर तांडेल, म्हणजे बोट त्यांच्या हुकमाने चालायची आणि घरही चालावं अशी त्यांची समजूत होती. मी सकाळी खाडी ओलांडून सातपाटीला, तिथून एसटीने पालघरला कॉलेजात जायची. टी.वाय.चे पाच पेपर सुटले. सहावा, 'विसाव्या शतकातील आंतरराष्ट्रीय राजकारण', घशात काटा अडकावा तसा अडकून बसला. पहिल्या वेळी सत्तावीस मार्क, दुसऱ्या वेळी एकोणतीस. पास व्हायला पस्तीस लागत. "वर्षाला दोन मार्क," बाबा शांतपणे म्हणाले, "म्हंजे अजून तीन वर्सा." मग म्हणाले, "तीन वर्सा मी नाय थांबनार. यंदा शेवटची. नाय झाली तं पुस्तका बंद."

तो पेपर सुटला तर पदवी, पदवी मिळाली तर बी.एड., बी.एड. झालं तर शाळेतली नोकरी. लहानपणापासून मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. मुरब्याच्या वाळूत रिकाम्या टोपल्या ओळीने मांडून मी त्यांना शिकवलेलं आहे, आणि त्या आजच्या मुलांपेक्षा शांत बसत.

खरं तर मी दुसऱ्यांदा आपटले तेव्हाच बाबा पुस्तकं बंद करणार होते. थांबवलं हिराआत्याने. आत्या बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आईमागे बाबांना तिनेच वाढवलेलं. कधी भावाकडे काही मागितलं नाही. त्या दिवशी मासळी साफ करता करता मान वर न काढताच ती म्हणाली, "एकदा बसू दे तिला. माज्या शब्दावर." बाबांनी फीचे पैसे काढून ठेवले. आत्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिचा शब्द आमच्या घरात कुणी ओलांडत नसे. आता मी नापास झाले तर मी एकटी पडणार नव्हते, तो शब्दही पडणार होता. गाइडमधल्या कुठल्याही महायुद्धापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटायची.

शब्द टाकला तशी आत्याने अटही टाकली. "सकालची माज्यासंगं वलांडीवर ये. हातान बोंबील लाव, तोंडान वाच. मोठ्यान वाच. शब्द माजा हाय, मला पन कलला पायजे काय चाललाय."

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायची मांडणी. किनाऱ्यावर ओळीने बांबूचे खांब, खांबांना ताणून बांधलेल्या दोऱ्या, एकीवर एक. बोंबील धुवायचे, दोन घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. दात सुईसारखे, बोटांची चाळण होते. मग ऊन आणि वारा आपलं काम करतात. मार्च-एप्रिलच्या सकाळी सगळी वलांडी भरली की ओल्या बोंबलांवरून ऊन असं निथळायचं की मला वाचायचंच सुचत नसे. आत्या ओरडायची, "वाच गो! तो हिटलर कुटं पोचला?"

आता यमुनाकाकू. आमच्या वलांडीला लागून तिची वलांडी, आणि दोन्हींच्या मध्ये एक खांब सामाईक. उत्तरेकडून आत्याच्या दोऱ्या येऊन त्याला बांधलेल्या, दक्षिणेकडून काकूच्या. हा खांब आत्याच्या मते तिच्या बापाने पुरला, काकूच्या मते तिच्या सासऱ्याने. दोघेही पुरुष केव्हाच वर गेलेले, त्यामुळे निकाल लागायची सोय नव्हती. या खांबापायी त्या दोघी नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. सकाळपासून दुपारपर्यंत चार हातांवर काम करायचं, पण शब्द नाही. बोलायचंच झालं तर कावळ्याशी. आत्या कावळ्याला म्हणायची, "काय रे, तुला लाज नाय? लोकांवर पानी उडवतोस?" पलीकडून काकू दुसऱ्या कावळ्याला म्हणायची, "पानी उडल नाय तं काय, दर्या हाय ह्यो!" आमच्याकडचे कावळे त्यामुळे फार सुज्ञ झाले होते.

मी 'शीतयुद्ध' हे प्रकरण वाचायला घेतलं आणि तिसऱ्या वाक्याला थांबले. प्रत्यक्ष युद्ध न करता दोन महासत्तांमध्ये असलेला दीर्घकालीन तणाव. मी उत्तरेकडे बघितलं, मी दक्षिणेकडे बघितलं. दोनदा नापास झालेल्या डोक्यात पहिल्यांदा काहीतरी चमकलं.

"आत्या, तू अमेरिका," मी म्हटलं.

आत्याला ते लगेच पटलं. अमेरिका तिला घरची होती. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं तेव्हा अमेरिकन इंजिनियर बायकापोरांसकट कॉलनीत राहायला आले होते, आणि तरुणपणी आत्या डोक्यावर पाटी घेऊन तिथे पापलेट विकायला जायची. एक मडम पापलेटाचा कल्ला उघडून बघायची आणि नापसंत पडलं की बोट हलवून "नो, नो" म्हणायची. आत्याने ते कायमचं उचललं. भाजीवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना ती "नो, नो" ऐकवायची. "अमेरिका मीच," ती म्हणाली. "आनि ती?"

"ती रशिया."

त्या दिवसापासून आत्याच्या तोंडी काकूचं नाव रशिया. "ए कावल्या, त्या रशियाला सांग, दोरीला कुत्रा लागलाय." काकू दोन दिवस फुरंगटली. तिसऱ्या दिवशी मला हळूच हाक मारली, "ए अमेरिकेची भाची, इकडं ये. त्या नकाशात रशिया कंचा तो दाव."

मी नकाशाची वही वाळूत उघडली, चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले. काकूने रशियावर तळहात ठेवला. तळहात पुरला नाही. तिने दुसराही ठेवला. "एवडा?" तिने विचारलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला आयुष्यात पहिल्यांदा भूगोल शिकवल्याचा आनंद झाला. दिवसभर ती ताठ मानेने काम करत होती, जरा जास्तच ताठ. शेवटी आत्या कावळ्याला म्हणाली, "मोठा असून काय करायचा? बर्फ पडतो तिकडं. एक बोंबील सुकल काय?"

आणि मी? मी भारत, अलिप्त राष्ट्र. दहाच्या सुमाराला आत्याचा चहा, साडेदहाला काकूचा. अलिप्त राहिलं की दोन्हीकडून चहा मिळतो हे गाइडमध्ये नव्हतं, पण मला वाटतं त्या काळच्या दिल्लीला ठाऊक असावं.

ते दिवस किती मजेचे होते! जग रोज सकाळी आमच्या वाळूत उतरायचं. तारापूरचीच गोष्ट घ्या. आपण पोखरणला चाचणी केली आणि पुढे अमेरिकेने तारापूरला इंधन देणं थांबवलं, हे मी वाचलं तेव्हा आत्याचा हात थांबला. "मडमेच्या लोकांनी? देतो म्हनून देत नाय?" ती स्वतःच अमेरिका असल्यामुळे तिची फार पंचाईत झाली होती. पुढे फ्रान्सने दिलं, मग चीनने, मग रशियाने. रशियाचं नाव येताच काकू दक्षिणेकडून खाकरली. नुसती खाकरली, पण मुरब्यातल्या प्रत्येक बल्बचं श्रेय त्या खाकरण्यात होतं.

अणुअस्त्रांचा भाग मात्र मला कळेना. दोघांकडे जग संपेल इतकी अस्त्रं, आणि तरी, किंवा म्हणूनच, कुणी टाकत नाही. हे कसं? आत्याने हातातली जोडी माझ्यासमोर धरली. "ह्यो बग. ह्याचं दात त्याच्यात, त्याचं ह्याच्यात. पिरमान नाय धरला. सोडला तं दोगं खाली, म्हनून धरलाय." आणि तिने ती जोडी दोरीवर टाकली. मी गाइडचं ते पान पुन्हा कधी उघडलं नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला आमचा क्युबाचा पेचही झाला. काकूने जवळा वाळवायची ताडपत्री आमच्या बाजूला हातभर सरकवून पसरली. आता जवळा म्हणजे ती बारीक कोळंबी, तिच्यावर पाय पडला तर भांडण, आणि पाय न पडता आत्याला खांबापर्यंत जाता येईना. दोन दिवस वातावरण इतकं तापलं की कावळेही लांब बसले. मी इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेवटी असं ठरलं की काकू ताडपत्री मागे घेईल. सगळ्या किनाऱ्याने ते पाहिलं, आत्या जिंकली. फक्त मला ठाऊक होतं की त्याच दुपारी, कुणी नसताना, आत्याने काकूचा वारा अडवणारं आपलं जुनं जाळं मुकाट्याने गुंडाळून घरी नेलं. नंतर पुस्तकात वाचलं, अमेरिकेनेही तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं अशीच गुपचूप काढली होती. मी इतकी हसले की आत्या म्हणाली, "पोरीला परीक्षेचा ऊन लागला."

त्या पेचानंतर मॉस्को आणि वॉशिंग्टनमध्ये थेट संपर्काची सोय झाली, गैरसमजातून अनर्थ होऊ नये म्हणून. हे वाचल्यावर आत्याने इतकंच विचारलं, "त्यांनी खांब कुटं पुरला होता?"

प्रश्नाचा अर्थ मला चांगलाच कळला. कारण आमच्याकडेही ती सोय होती, नऊ वर्षांच्या अबोल्यातही कधी न मोडलेली. दोऱ्या उन्हाने सैल होतात, त्या सोडून पुन्हा ताणाव्या लागतात. पण सामाईक खांबावरून एका बाजूची दोरी सोडली, की दुसऱ्या बाजूची ओली, जड दोरी खांबाला आपल्याकडे खेचणार. म्हणून सोडण्याआधी दगडाने खांबावर तीन टोले मारायचे. टोले ऐकले की पलीकडची बाई हातातलं काम टाकून खांबाला आपल्या बाजूने बांबूचा टेकू लावायची आणि उलट एक टोला द्यायची. मगच गाठ सोडायची. बोलणं नाही, बघणं नाही. तीन टोले, एक टोला. वळचणीच्या पाण्यावरून, कोंबडीवरून, लग्नाच्या आमंत्रणावरून त्या रुसल्या असतील, पण टोला कधी चुकला नाही.

मग ते शेवटचं प्रकरण आलं, सोव्हिएत संघाचं विघटन. मी ते मोठ्याने वाचलं नाही. मनातल्या मनात वाचत बोंबील लावत राहिले. यमुनाकाकूला कोण सांगणार? पण ती हुशार. "आज गाडी बंद का गो? माजा काय वंगाल झाला?"

सांगावं लागलं. पंधरा तुकडे झाले म्हटलं.

"पंदरा? कोनी फोडला? अमेरिकेनी?"

"नाही काकू. बाहेरून कुणी नाही. आतूनच."

काकूने खाली बघून बोंबील उचलले. एक जोडी अडकवली, पुन्हा सोडवली, पुन्हा अडकवली. तिच्या तीन मुलांनी त्याच वर्षी तीन चुली वेगळ्या केल्या होत्या हे मला तेव्हा आठवलं आणि माझी जीभ मी चावली. "बरोबर हाय," ती म्हणाली. "माज्या घरात तीन चुली झाल्या, त्या काय हिरीनी केल्या?" नऊ वर्षांत तिच्या तोंडून आत्याचं नाव पहिल्यांदाच असं साधं आलं. आत्या पाठमोरी होती. तिने ऐकलं, मला खात्री आहे, कारण त्या दिवशी ती कावळ्यालाही काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातून ते झालं. पेपर आठवड्यावर आला होता. 'एकध्रुवीय जग' असा मथळा होता. आता जगात एकच महासत्ता उरली. मी उभ्या उभ्या घोकत होते आणि मनाशी म्हणत होते, म्हणजे शेवटी आपली आत्याच जिंकली. तेवढ्यात आत्याने हाक दिली, "ती खांबावरची दोरी ढिली झालीय, सोडून बांद!" मी घोकतच गेले. एकच महासत्ता, एकच महासत्ता. आणि गाठ सोडली. टोला न मारता.

खांब आधी कुरकुरला. मग अगदी सावकाश, झोप आलेल्या माणसासारखा, दक्षिणेकडे कलला. काकूची सकाळपासून भरलेली सगळी दोरी, शेकडो ओले बोंबील, वाळूत लोळले. कावळे एका क्षणात परतले. मी हातात दोरी धरून तशीच उभी. माझ्या तोंडातून अजूनही "एकच महासत्ता" येत होतं.

"धर गो यमुने!" आत्या किंचाळली.

"तू तुजा धर आधी! भाचीला काय शिकवलास?"

"मी शिकवला? तू कुटं होतीस टेकू घेऊन?"

"टोला कुटं होता?"

आणि खांब उचलता उचलता, एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून, त्या दोघी भांडायला लागल्या. थेट, तोंडावर, कावळ्याशिवाय. नऊ वर्षांचं साठलेलं भांडण! कोंबडी निघाली, आमंत्रण निघालं, कुणाच्या तरी बारशाला न आलेली वाटी निघाली. खांब उभा राहिला, मी बुंध्याशी दगड-वाळू ठेचली, आम्ही तिघींनी बोंबील पाट्यांत भरून पाण्यात नेऊन पुन्हा धुतले. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्या भांडत होत्या आणि मधेच कशावरून तरी काकूला हसू फुटलं. मग आत्याला. हसता हसता आत्याचा पाय घसरला आणि ती पाण्यात बसली, काकू तिला ओढायला गेली आणि तीही बसली. पंचावन्न-साठीच्या दोन बायका, भरल्या लुगड्यांनी, समुद्रात बसून हसत होत्या. इतकं आनंदाचं दृश्य मी नंतर फार थोडं पाहिलं आहे.

संध्याकाळपर्यंत दोरी पुन्हा भरली. मी रडवेली होऊन आत्याला म्हटलं, "माझी चूक झाली. मला वाटलं रशिया पडला म्हणजे तू एकटी मोठी."

आत्याने खांबाला हात लावून तो हलवून बघितला. "एकटी कशी मोठी होईन? तिची ओड हाय म्हनून माजी दोरी तानलेली. माजी हाय म्हनून तिची. खांब कोनाच्या बापाचा का असना."

शेवटचं वाक्य ती काकूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली.

तुम्हाला वाटेल त्यानंतर त्या मैत्रिणी झाल्या. छे! दुसऱ्या दिवशी पुन्हा अबोला. फक्त एक फरक पडला. दोऱ्या ताणायच्या वेळी बोलायचं, बाकी वेळ कावळा. माझ्या गाइडमध्ये याला 'तणावशैथिल्य' असा भला मोठा शब्द होता.

आणि पेपरात, पालघरच्या त्या तापलेल्या वर्गात, तिसरा प्रश्न आला: सत्तासमतोल ही संकल्पना स्पष्ट करा. पहिल्या दोन वेळा मी गाइडचं उत्तर लिहायला घेतलं होतं आणि मधला परिच्छेद विसरून घाम पुसत बसले होते. यावेळी गाइड आठवलंच नाही. खांब आठवला. दोन बाजूंची ओढ आठवली, कलताना झालेला तो कुरकुर आवाज आठवला. मी लिहीत सुटले. समतोल म्हणजे दोघांचं प्रेम नव्हे, दोघांचं बळ मोजून मापून सारखं असणंही नव्हे. एकाच्या ओढीने दुसरा उभा असतो हे दोघांनाही माहीत असणं, आणि गाठ सोडण्याआधी टोला मारण्याची रीत शिल्लक असणं. लिहिताना हात थांबला नाही. फक्त शेवटी मोह आवरला नाही आणि 'मुरबे येथील वलांडीप्रमाणे' असं लिहून बसले. बाहेर आले आणि तोंडचं पाणी पळालं. विद्यापीठाच्या पेपरात बोंबील! तपासणारे काय म्हणतील? परतीच्या एसटीत मी आत्याच्या शब्दाला मनातल्या मनात श्रद्धांजली वाहिली.

गेल्या रविवारी मुरब्याला गेले होते. आत्या आता ऐंशीच्या घरात, काकू तिच्या दोन पावलं मागे. वलांडीचं काम सुना-नातसुना करतात, या दोघी सावलीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्यांवर बसून देखरेख करतात. खुर्च्यांमध्ये हातभर अंतर, तेही मोजून ठेवल्यासारखं. मी दिसले की दोघींचा एकच प्रश्न असतो: "जगात आता कोन मोठा?" मी सांगते. चीन केवढा झाला, आपण कुठे आलो, युरोपात काय चाललंय, वाळवंटात काय चाललंय. आता दोन दोऱ्या नाहीत, चार-पाच आहेत, आणि सगळ्या एकाच खांबाला. आत्या सगळं ऐकून घेते. यावेळी तिने विचारलं, "मग टोला कोन मारतो?"

मी वाळूत खांब आणि दोऱ्या काढत बसले. बाईंना उत्तर आलं नाही म्हणून काकूला फार आनंद झाला. पण मी अजून त्याच प्रश्नाशी आहे, आणि पूजालाही तोच देऊन घरी पाठवलं. बघू, परीक्षेत येत नसला तरी तिच्या डोक्यात राहील.

माझा तो निकाल लागला तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या, बांबू माळ्यावर, फक्त तो मधला खांब आपल्या जागी एकटा भिजत उभा. पालघरच्या कॉलेजच्या फळ्यावर माझ्या नंबरासमोर एक्केचाळीस होते. मी तीनदा बोट ठेवून बघितलं. एक्केचाळीस! सहा मार्क वर! खाडीच्या होडीत मी अनोळखी बायकांना सांगत सुटले. बाबांनी मार्कलिस्ट उलटीसुलटी करून बघितली, "म्हंजे आता बी.एड.?" म्हणाले आणि तोंड फिरवून बराच वेळ जाळं विणत बसले. त्यांचे डोळे ओले होते, ते त्यांनी जाळ्याच्या धुळीवर ढकललं.

आत्या चुलीपुढे बसली होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने मला जवळ ओढलं, गालावरून बोटं फिरवली आणि डोळे पुसून कामाचं विचारावं तसं विचारलं, "त्यातले माजे किती?"

खरं तर कुठल्या उत्तराला किती मार्क पडले हे विद्यापीठ सांगत नाही. पण तो शब्द तिचा होता, खांब तिचा होता. मी म्हटलं, "बारा."

ती मनापासून खूश झाली. मग जरा विचारात पडली. "आनि तिचे?"

खांब तिचाही होता. "तिचेही बारा."

आत्याने चुलीत लाकूड सारलं. ज्वाळ वर आली, खाली बसली. "तिला अकरा सांग," ती म्हणाली.

मी छत्री घेऊन काकूकडे गेले. तिने साखरेचा डबा काढला, माझ्या तोंडात चिमूट घातली, आणि मी 'तुमच्यामुळे पास झाले' म्हणताच पदर सावरून विचारलं, "माजे किती?"

"बारा, काकू."

"आनि हिरीला किती पडले?"

मी अलिप्त राष्ट्र. मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "अकरा."

काकूचा चेहरा नकाशावर दोन्ही तळहात ठेवल्या दिवशीसारखा उजळला. मग ती उठली, दारातून आमच्या घराकडे एकदा बघून आली आणि माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "तिला नको सांगू हां गो. वाईट वाटल तिला."